नफा तुमचा, मला वीस प्रती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एडगर ॲलन पो या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कथाकार-कवीची पत्रं वाचताना १८४१ सालचं एक पत्र तुम्हाला सापडलं. त्यात तो आपल्या प्रकाशकांना कळवतो की कथासंग्रहाची नवी आवृत्ती काढा, नफा सगळा तुम्ही घ्या, मला मित्रांना वाटायला वीस प्रती द्या. एवढा मोठा लेखक असं का लिहितो, त्याला व्यवहार कळत नव्हता का, असं तुम्ही विचारता. शिवाय तुमच्या पहिल्या कथासंग्रहासाठी एका प्रकाशकाने तुम्हालाही साधारण हेच देऊ केलंय, तेव्हा होकार द्यावा की नाही?

पोला व्यवहार चांगला कळत होता. मासिकाच्या एका पानाला काय भाव मिळतो, कोणत्या शहरातलं कोणतं साप्ताहिक रोख देतं आणि कोणतं टोलवाटोलवी करतं, हे त्याला तोंडपाठ होतं. त्याच्या पत्रांत दोन निरनिराळे बाजार आहेत, ते एकात मिसळून वाचले की गोंधळ होतो. मासिकवाल्याला लिहिताना तो भाव करतो, पुस्तकवाल्याला लिहिताना जवळजवळ काहीच मागत नाही. मासिकांवर चूल पेटायची आणि पुस्तकातून नाव व्हायचं होतं. या दोन गोष्टी एकाच ठिकाणी मिळाव्यात म्हणून तो मरेपर्यंत पत्रं लिहीत राहिला. माझीही बरीच वर्षं संपादनात आणि प्रकाशनात गेली, 'साभार परत'ची पत्रं लिहिण्यात आणि घेण्यात गेली. पोच्या पत्रांतला करुण सूर मला फारसा ऐकू येत नाही, सौदा आधी दिसतो.

सुरुवात कवितांची. १८२७ साली, अठराव्या वर्षी, त्याने बॉस्टनमध्ये पहिलं पुस्तक छापून घेतलं, तेही 'एक बॉस्टनकर' एवढ्याच सहीने. दोन वर्षांनी तो फिलाडेल्फियाच्या केरी, ली अँड केरी या मोठ्या पेढीकडे गेला. त्यांचं म्हणणं, तोटा आला तर भरून देण्याची हमी हवी. पोने रिचमंडला पालक जॉन ॲलनला लिहिलं की जास्तीत जास्त शंभर डॉलरांचा प्रश्न आहे, तेवढ्याला जामीन राहा. ॲलन जातीचा व्यापारी. त्याने त्याच पत्रावर शेरा मारून ठेवला: उत्तर दिलं, वर्तनाबद्दल कडक शब्दांत समज दिली, कसलीही मदत नाकारली. कवितासंग्रहाच्या पत्रव्यवहारावर इतका हिशेबी शेरा मी दुसरा पाहिलेला नाही. अखेर ते पुस्तक बाल्टिमोरच्या एका छोट्या प्रकाशकाने काढलं. १८३१ च्या तिसऱ्या पुस्तकाला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या कॅडेटांनी वर्गणी दिली. अधिकाऱ्यांची खिल्ली उडवणारी कवनं असतील अशी त्या पोरांची समजूत होती. पुस्तक त्यांनाच अर्पण केलेलं होतं, कविता मात्र भलत्याच निघाल्या. वयाच्या बाविसाव्या वर्षी तीन कवितासंग्रह नावावर, आणि मिळकत म्हणाल तर छदाम नाही.

म्हणून तो कथेकडे वळला. १८३३ साली बाल्टिमोरच्या 'सॅटरडे व्हिजिटर' या साप्ताहिकाच्या स्पर्धेत त्याच्या कथेला पन्नास डॉलरांचं बक्षीस मिळालं. त्याहून मोठी कमाई म्हणजे परीक्षकांपैकी जॉन पेंडल्टन केनेडी या लेखक-वकिलाची ओळख. मार्च १८३५ मध्ये केनेडीने त्याला जेवायला बोलावलं, तेव्हा पोने लिहिलं की अंगावरचे कपडे पाहता मी येऊ शकत नाही, आणि हे सांगताना मला शरम वाटते. केनेडीने कपडे दिले, घरी जेवायला येण्याची मोकळीक दिली, आणि मुख्य म्हणजे रिचमंडच्या 'सदर्न लिटररी मेसेंजर'चा मालक टॉमस व्हाइट याच्याशी गाठ घालून दिली.

व्हाइटला ३० एप्रिल १८३५ रोजी लिहिलेलं पत्र मात्र सावकाश वाचा, लेखकाने संपादकाला लिहिलेल्या पत्राचा तो नमुना आहे. व्हाइट मूळचा छापखानेवाला. त्याने पोची 'बेरेनिस' छापली होती आणि मग घाबरला होता, कारण कथेचा नायक दफन झालेल्या प्रेयसीचे दात काढून आणतो. विषय फार भयानक आहे, अशी त्याची तक्रार. पो पहिल्याच फटक्यात ती मान्य करतो: होय, ही कथा वाईट अभिरुचीच्या अगदी काठावर आहे, इतका अतिरेक पुन्हा करणार नाही. इथे संपादक सैल पडतो. मग पो सांगतो की कथा एका पैजेतून लिहिली, अशा विषयावर गंभीरपणे लिहून परिणाम साधता येणार नाही असं कुणीतरी म्हणालं होतं. आणि त्यानंतर, मागे हटलेला माणूस एकदम पुढे येतो. नावाजलेल्या सगळ्या मासिकांचा इतिहास काढून बघा, तो म्हणतो, त्यांना नाव मिळालं ते असल्याच मजकुरावर. हास्यास्पद ते विद्रूप होईपर्यंत वाढवायचं, भीतिदायक ते भयंकर होईपर्यंत रंगवायचं. अभिरुची चांगली की वाईट हा मुद्दाच नाही. लोकांनी कदर करायची तर आधी त्यांनी वाचलं पाहिजे, आणि असला मजकूर ते हावरटासारखे शोधून वाचतात. शेवटी तो दर महिन्याला एक कथा द्यायची तयारी दाखवतो आणि म्हणतो, पारख माझ्या बोलण्यावरून करू नका, मासिकाचा खप बघा.

सव्वीस वर्षांच्या, धड कपडे नसलेल्या माणसाचं हे पत्र आहे. त्यात विनवणी कुठे दिसते का? मालकाची भीती खपाच्या भाषेत त्याला परत दिली आहे. काही महिन्यांत तो त्याच मासिकात आठवड्याला दहा डॉलरांवर नोकरीला लागला.

आता पुस्तकांच्या बाजाराकडे या. १८३६ साली न्यूयॉर्कच्या हार्पर अँड ब्रदर्सने त्याचा कथासंग्रह नाकारला आणि जूनमध्ये कारणं लिहून कळवली. यातल्या बऱ्याच कथा आधी छापून आल्या आहेत. या सुट्या सुट्या कथा आहेत, आणि आपल्या वाचकाला पुस्तकभर एकच सलग गोष्ट असलेली आवडते. तिसरं, मजकूर फार विद्वत्तापूर्ण आणि गूढ आहे, मूठभरांना रुचेल, बहुजनांना नाही. नकाराचं इतकं सरळ पत्र दुर्मिळच. आपल्याकडे बहुतेकदा 'आमच्या प्रकाशन योजनेत बसत नाही' एवढ्या ओळीवर भागवतात. पण दुसरं कारण मराठीत कथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे: कथासंग्रह खपत नाहीत हो, कादंबरी असेल तर बघा. पोनेही पाहिली. त्याने एक सलग समुद्रकथा लिहिली, ती १८३८ मध्ये हार्परनेच छापली आणि ती फारशी चालली नाही. दोन वर्षांनी बर्टन या मासिकमालकाला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःच त्या पुस्तकाला खुळचट म्हणून टाकलं.

अमेरिकन प्रकाशक कथासंग्रहाला एवढे का बिचकत होते, यामागे अभिरुचीपेक्षा कायदा जास्त होता. अमेरिकेचा कॉपीराइट कायदा फक्त तिथल्या लेखकाला संरक्षण देत होता. इंग्लंडच्या लेखकाचं पुस्तक बोटीतून उतरलं की वाटेल त्याने छापावं, लेखकाला एक पैसा द्यायला नको. डिकन्ससारखा नावाजलेला कादंबरीकार फुकट मिळत असताना फिलाडेल्फियातल्या पोला कोण कशाला पैसे देईल? ही स्थिती १८९१ पर्यंत टिकली. पोने १८४५ साली एका लेखात हे उघड मांडलं की आंतरराष्ट्रीय कॉपीराइट नसल्यामुळे पुस्तक विक्रेत्यांकडून लेखनाचा मोबदला मिळणं जवळजवळ अशक्य झालं आहे, आणि म्हणून देशातले चांगले लेखक मासिकांच्या दावणीला बांधले गेले. त्यात १८३७ च्या आर्थिक कोसळीनंतरची मंदी होतीच. इंग्लंडातही त्याची डाळ शिजली नाही. १८४२ साली डिकन्स फिलाडेल्फियाला आला असताना पो त्याला भेटला, डिकन्सने लंडनमध्ये प्रकाशक शोधून पाहिला आणि नोव्हेंबरात कळवलं की अनोळखी लेखकाच्या सुट्या कथांचा संग्रह, लेखक इंग्रज असता तरी, सध्या इथे कुणी घेणार नाही.

या पार्श्वभूमीवर वीस प्रतींचं प्रकरण बघा. ली अँड ब्लँचार्ड म्हणजे पूर्वीच्या केरी-ली पेढीचीच पुढची पाती. त्यांनी २८ सप्टेंबर १८३९ रोजी पोला लिहिलं की कथा छापण्यामागे तुमचा हेतू तातडीने पैसे मिळवण्याचा नसल्यामुळे आम्ही आमच्या जोखमीवर आणि खर्चाने एक लहान आवृत्ती काढू. नफा झाला तर तो थोडाच असेल आणि आमचा असेल. कॉपीराइट तुमच्याकडे राहील. मित्रांसाठी काही प्रती देऊ. पत्रात आकडा १७५० प्रतींचा होता, प्रत्यक्षात निघाल्या ७५०. दोन भाग, पंचवीस कथा. पुस्तक बाहेर पडायच्या आत पोने अटी जरा सुधारून बघायचा प्रयत्न केला. उत्तर आलं ते असं की हा प्रस्ताव आज आमच्यासमोर आला असता तर आम्ही नक्की नाकारला असता, आणि हे प्रकाशन मूळ खर्चात, किंवा थोडं कमी घेऊनसुद्धा, दुसरं कुणी उचलत असेल तर आम्ही आभारी होऊ.

हे वाचून मला त्या पेढीचा राग येत नाही. मंदी, माल पडून, आणि समोर असा लेखक की ज्याच्या कथा लोकांनी मासिकांत आधीच वाचल्या आहेत. पैसा बुडाला तर त्यांचा, कागद आणि बांधणी त्यांची. पोने काय कमावलं हे मात्र पत्रातच आहे: कॉपीराइट. त्यामुळे त्या कथा तो पुढेही विकू शकत होता, सुधारून पुन्हा छापू शकत होता, नव्या संग्रहात घेऊ शकत होता, आणि त्याने तसंच केलं.

तुम्हाला अडलेलं पत्र १३ ऑगस्ट १८४१ चं. मध्यंतरी त्याने आठ नव्या कथा लिहिल्या होत्या. त्यांत 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' होती, आज जिच्यापासून गुप्तहेरकथेची वंशावळ सुरू करतात. त्याला जुन्या पंचवीस आणि नव्या आठ अशा तेहतीस कथांचा भरगच्च संग्रह हवा होता, म्हणून तो लिहितो की आधीच्याच अटी मला चालतील, नफा तुम्ही घ्या, मित्रांसाठी वीस प्रती द्या. तीनच दिवसांत उत्तर आलं: आधीची आवृत्ती अजून संपलेली नाही, तिचा खर्चही निघालेला नाही. म्हणजे फुकटसुद्धा नको. ७५० प्रती दोन वर्षांत गेल्या नाहीत हे वाचून आपल्याकडच्या लेखकांना मनातल्या मनात बरं वाटत असेल, वाटू द्या.

तीच 'रू मॉर्ग' त्याने 'ग्रॅहम्स' मासिकात छापली होती, जिथे तो वर्षाला ८०० डॉलर पगारावर संपादक होता. आणि मासिकाचा प्रश्न आला की हा माणूस किती वेगळा लिहितो ते बघायचं असेल तर ४ जून १८४२ ची दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवा. तोपर्यंत त्याने 'ग्रॅहम्स' सोडलं होतं. मासिक फार गुळमट आहे, तिथली चित्रं, फॅशनची पानं आणि प्रेमकथा यांचा उबग आला, आणि पगार कामाच्या मानाने नाही, असं त्याने मे महिन्यात एका मित्राला लिहिलं. आता उत्पन्न बंद, बायको क्षयाने आजारी. हातात एक नवी कथा, 'द मिस्टरी ऑफ मेरी रोजे'. न्यूयॉर्कमध्ये आदल्या वर्षी मेरी रॉजर्स ही तंबाखूच्या दुकानातली मुलगी मरण पावली होती, तिच्या मृत्यूचा उलगडा पॅरिसचा वेष चढवून या कथेत केला होता. विषय वर्तमानपत्रांतून गाजत होता, म्हणजे माल ताजा असेपर्यंतच विकायला हवा होता.

पहिलं पत्र बॉस्टनच्या जॉर्ज रॉबर्ट्स या संपादकाला. कथेत काय आहे ते सांगून पो हिशेब मांडतो: 'ग्रॅहम्स'ची ही पंचवीस पानं होतील, नेहमीच्या दराने मला शंभर डॉलर मिळाले असते, पण काही कारणांसाठी, जी इथे सांगायची गरज नाही, ही कथा बॉस्टनमध्ये छापली जावी अशी माझी इच्छा आहे, तेव्हा पन्नास डॉलर म्हणतो. दुसरं पत्र त्याच दिवशी बाल्टिमोरच्या जोसेफ स्नॉडग्रासला. कथेचं वर्णन जवळजवळ शब्दशः तेच. पण स्नॉडग्रास जुना स्नेही, म्हणून इथे इच्छा बाल्टिमोरमध्ये छापली जाण्याची, सूर घरचा, फुकट भेट तर देऊ शकत नाही पण चाळीस डॉलर म्हणतो.

आधी शंभरचा दर मांडून ठेवायचा, मग सवलत द्यायची, आणि सवलतीचं कारण गुलदस्त्यात ठेवायचं. ताकाला जाऊन भांडं लपवणं ते हेच. पण जुन्या स्नेह्याला दहा डॉलर स्वस्त लावले आहेत हेही बघा, म्हणजे माणूस सौद्यातही नातं विसरत नव्हता. एक कथा एकाच वेळी दोघांना दाखवणं चुकीचं का, असं मला नवे लेखक विचारतात. आपल्याकडे दिवाळी अंकांचे संपादक 'इतरत्र पाठवलेलं नसावं' अशी अट घालतात, आणि ती रास्त आहे, कारण पानं लागल्यावर कथा काढली तर अंक अडतो. पोने तर कथा पाठवलीच नव्हती, फक्त विचारणा केली होती. दोघांनीही हो म्हटलं असतं तर मात्र त्याची फजिती झाली असती. दोघांपैकी कुणीच घेतली नाही. ती न्यूयॉर्कच्या एका महिला मासिकात नोव्हेंबरपासून तीन हप्त्यांत आली.

या पत्रांना खर्च किती पडत असे तेही ध्यानात असू द्या. १८४५ पर्यंत टपाल अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर चालायचं. दीडशे ते चारशे मैलांना एका कागदाचे पावणेएकोणीस सेंट, आणि ते बहुधा पत्र घेणाऱ्याने भरायचे. वेगळं पाकीट केलं तर तोही कागद धरला जाई, म्हणून पत्राचीच घडी घालून मागच्या कोऱ्या भागावर पत्ता. अनोळखी लेखकाचं जाड हस्तलिखित सोडवून घ्यायला संपादकाला स्वतःचे पैसे मोजावे लागत. आधी विचारणा, मग कथा, ही रीत शिष्टाचाराची नव्हती, खिशाची होती.

पुढचं थोडक्यात. 'द टेल-टेल हार्ट' बॉस्टनच्या एका मासिकाकडून परत आली. श्री. पो जरा शांत मजकूर देण्याची कृपा करतील तर बरं, असा संपादकांचा निरोप होता. ती जेम्स रसेल लोवेलने आपल्या नव्या 'पायोनियर'मध्ये जानेवारी १८४३ ला छापली. ते मासिक तीन अंकांत बुडालं आणि पोचं मानधनही अडकलं. लोवेलने दिलगिरी कळवली तेव्हा पोने लिहिलं की त्या थोड्या डॉलरांची क्षणभरही चिंता करू नका, मी गरीब आहे, पण ते मागायचा विचार मनात यायला मला याहून खूपच गरीब व्हावं लागेल. याच माणसाने नऊ-दहा महिन्यांपूर्वी दोन संपादकांकडे एकाच कथेचा भाव केला होता. दोन्ही खरं आहे. बुडालेल्या संपादकाशी घासाघीस करायची नाही, ही आपल्या धंद्यातली जुनी सभ्यता आहे. त्याच वर्षी त्याने 'द गोल्ड-बग' ही 'ग्रॅहम्स'ला विकलेली कथा परत मागून घेतली, फिलाडेल्फियाच्या 'डॉलर न्यूजपेपर'च्या स्पर्धेत घातली आणि शंभर डॉलर मिळवले. पुढच्या वर्षी लोवेलला कळवताना तो म्हणतो की तिच्या तीन लाखांवर प्रती वाटल्या गेल्या. आकडा पोचाच, मीठ लावूनच घ्या. पण पुनर्मुद्रणातून लेखकाला काही मिळायची सोय नव्हती, तेव्हा प्रती तीन हजार असोत की तीन लाख, हाती शंभरच.

१८४५ च्या जानेवारीत 'द रेव्हन' (डोमकावळा) ही कविता छापून आली आणि तो रातोरात गाजला. मित्राला लिहिताना म्हणतो की ती मी चालावी म्हणूनच लिहिली होती, 'गोल्ड-बग'सारखीच, पण पक्ष्याने किड्याला पार मागे टाकलं. आता प्रकाशकांना तो हवा होता. विली अँड पटनमने त्या उन्हाळ्यात त्याच्या बारा कथांचं पन्नास सेंटांचं पुस्तक काढलं आणि प्रतीमागे आठ सेंट द्यायचं ठरलं. म्हणजे सोळा टक्के, आजही सहसा कुणी देत नाही इतका दर. तर मग आता तरी त्याने समाधानी असावं? ९ ऑगस्ट १८४६ रोजी फिलिप पेंडल्टन कुक या कवीला लिहिलेल्या पत्रात तो कुरकुरतोय, आणि ती कुरकुर पैशांची नाही. साधारण सत्तर कथांमधून निवड प्रकाशकाच्या वाचकाने, डुइकिंकने केली. त्याला तर्काच्या कथा आवडतात, म्हणून पुस्तक त्याच कथांनी भरलं, त्यात माझं मन त्याच्या सगळ्या अंगांनी दिसत नाही. पुढे तो म्हणतो की या कथा लांब लांब अंतराने एकेक लिहिताना मी पुस्तकाची एकसंधता कायम डोळ्यांसमोर ठेवली, प्रत्येक कथा एका मोठ्या गोष्टीचा भाग म्हणून रचली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या वाक्यात आहे. १८४४ साली कोलंबिया कॉलेजचे प्राध्यापक चार्ल्स अँथन यांना लिहिलेल्या लांबलचक पत्रातही तेच निराळ्या शब्दांत येतं: मी आजवर मुळात मासिकांचाच लेखक राहिलो, आणि अशा लेखकाने विखुरलेलं लिखाण एकत्र केलं नाही तर त्याच्याबद्दल पूर्ण गैरसमज होतो. वाचकाला या महिन्यात भुताची गोष्ट दिसते, पुढच्या महिन्यात टिंगल, मग गुप्तहेर, आणि तो म्हणतो हा इसम नेमका आहे कोण? या कथा एका बांधणीत आल्या तरच वैविध्य हे दोषाऐवजी गुण म्हणून दिसेल, असा पोचा हिशेब होता. नफ्यावर पाणी सोडून त्याला जे घ्यायचं होतं ते हे होतं. त्या पत्राचा हेतू मात्र अँथननी हार्परकडे शब्द टाकावा हा होता. अँथननी टाकला. उत्तर आलं की हार्परच्या मनात तुमच्या जुन्या काही वागण्याबद्दल तक्रारी आहेत.

दोन्ही बाजार एक करायचा एकच मार्ग त्याला दिसत होता, स्वतःचं मासिक. वर्षाला पाच डॉलर वर्गणीचं, उत्तम कागदावरचं, आधी 'पेन' आणि मग 'स्टायलस' या नावाचं. त्यासाठीची पत्रं हा स्वतंत्र विषय आहे. त्यातलं मार्च १८४४ चं लोवेलला लिहिलेलं एकच सांगतो: देशातल्या निवडक लेखकांनी गुपचूप एकत्र यावं, प्रत्येकाने दोनशे डॉलर घालावेत, मजकूर सदस्यांनीच द्यावा, नामधारी संपादक आपल्यातूनच निवडावा, असं मासिक बुडेलच कसं? लेखकांची सहकारी संस्थाच म्हणा ना. पैसे कुणी घातले नाहीत. १८४९ साली इलिनॉयमधल्या ओक्वॉका या मिसिसिपीकाठच्या गावातून एका तरुण संपादकाने भांडवल देऊ केलं, तर पो त्याच्याशी वर्गणी तीन डॉलर नको, पाचच हवी यावर अडून बसला. मुखपृष्ठावर ओक्वॉका हे नाव चालणार नाही, न्यूयॉर्क आणि सेंट लुइस घाला, असंही सुचवलं. त्याच ऑक्टोबरात तो बाल्टिमोरमध्ये वारला.

आता तुमचा प्रस्ताव. लेखक प्रतींवर पहिला संग्रह देण्यात कमीपणा काही नाही. तुमच्या कथा चार-पाच दिवाळी अंकांत विखुरलेल्या असतील तर पोचं कारण तुम्हालाही लागू आहे. पण १८३९ च्या त्या पत्रातली जी ओळ पोच्या बाजूची होती ती तुमच्या करारात आहे का ते आधी बघा. कॉपीराइट लेखकाकडे राहील असं स्पष्ट लिहिलेलं हवं, नुसतं तोंडी नको. प्रकाशकाचा हक्क या एका आवृत्तीपुरता, प्रतींचा आकडा लिहिलेला, आणि दुसऱ्या आवृत्तीला तुमची लेखी संमती व रॉयल्टी. ई-बुक, ऑडिओ आणि अनुवादाचे हक्क वेगळे ठेवा, पोच्या वेळी ते नव्हते, तुमच्या वेळी आहेत. कथांची निवड आणि क्रम तुमचा, हेही घालून घ्या, डुइकिंकची गोष्ट वाचलीतच. 'लेखकाने ठरावीक प्रती विकत घ्याव्यात' असं कलम असेल तर मात्र हा पोचा सौदा नव्हे. ली अँड ब्लँचार्डने जोखीम स्वतः घेतली होती, इथे ती तुमच्या गळ्यात बांधली जातेय, तेव्हा नम्रपणे नको म्हणा.

पत्रं पुढे वाचणार असाल तर जॉन वॉर्ड ऑस्ट्रमने संपादित केलेली, १९४८ साली प्रथम निघालेली आवृत्ती घ्या, किंवा तिची नंतरची सुधारित आवृत्ती. जुन्या संग्रहांपासून सांभाळून राहा. पोच्या मृत्यूनंतर त्याचं साहित्य संपादित करणाऱ्या रूफस ग्रिसवोल्डने १८५० च्या सुमारास जी पत्रं छापली त्यांत स्वतःची स्तुती करणारी वाक्यं पोच्या तोंडी घुसडली होती. आर्थर हॉब्सन क्विनने १९४१ च्या चरित्रात मूळ आणि बनावट मजकूर शेजारी शेजारी छापून ते उघडं पाडलं. ग्रिसवोल्डला लिहिलेलं एखादं पत्र फारच गोड वाटलं तर ते क्विनमध्ये एकदा पडताळून घ्या.